अमावस्येचा आकडा

हरणखोरीत सकाळचा उजेड एकदम उतरत नसे. आधी तो पूर्वेच्या माळावरल्या पाण्याच्या टाकीच्या कडेला टेकायचा, तिथे थोडा थबकायचा, आणि मग कुणी हलक्या हाताने घोंगडी उलगडत न्यावी तसा द्राक्षांच्या मांडवावर पसरत यायचा. प्रथम तारा दिसायच्या, एकेक करून, दवाने ओल्या. मग पानांच्या कडा. मग पानांखाली लपलेले घड, ज्यांत अजून पाणी भरायचे होते असे हिरवे, टणक मणी. मार्गशीर्षातल्या त्या थंडीत उजेडालाही घाई नसे. बांधावरच्या शेवग्याला वळसा घालून, विहिरीच्या कठड्यावर हात टेकून तो अखेर अंगणात यायचा. आणि अंगणात आला की त्याला जणू वजन चढायचे. इतका वेळ तो वस्तूंवर पडलेला दिसत होता, आता तो हवेतच दिसू लागायचा. गोठ्याच्या पत्र्याला पडलेल्या भोकांतून त्याच्या तिरप्या काठ्या जमिनीत रोवल्यासारख्या उभ्या राहायच्या, आणि प्रत्येक काठीच्या आत काहीतरी सोनेरी, अतिशय बारीक, न संपणारे असे सावकाश खाली उतरत असायचे.

धैर्यशील रोज पायरीवर बसून ते पाहत असे. पुण्यातल्या सहा वर्षांत त्याने असा उजेड पाहिला नव्हता. तिथला उजेड काचेवर चिकटवल्यासारखा असायचा. उजेड स्वतः कधीच दिसत नाही, तो ज्याला लागतो तेवढेच दिसते, हे त्याला सातवीपासून ठाऊक होते. तरीही या काठ्यांमध्ये उजेड नेमका कशाला लागतो, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नव्हता. सुंदर गोष्टींना प्रश्न विचारण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

"धैर्या, दिवा लाव रं जरा," आतून अक्का म्हणाली.

"अक्का, आठ वाजले. सगळं उजाडलंय."

"उजाडलंय व्हय? मला आपलं तिन्हीसांजा झाल्यागत वाटतंय."

ती चहाचे दोन पेले घेऊन बाहेर आली. उंबरा तिने आधी पायाने चाचपला आणि मगच ओलांडला. धैर्यशील चार वर्षांचा असताना आई गेली. त्याच साली त्याची ही थोरली बहीण सासरहून परत आली, ती कायमची. दोन एकरांची बाग तिने एकटीने उभी केली आणि हा अबोल भाऊ वाढवला. त्याला जगात जिच्याशी बोलण्याआधी वाक्य मनात जुळवून पाहावे लागत नसे अशी ही एकच व्यक्ती होती.

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," तो म्हणाला.

"तीनदा बदलला की. चष्मेवाला म्हणतोय, बाई, काचा बदलून मी दमलो, आता तुमी डोळंच बदला." ती हसली. हसताना ओठांच्या कडेला आलेली लाळ तिने पदराने टिपली. हल्ली ती वारंवार तसे टिपत असे. सकाळी पोटात कळ यायची, एवढ्या थंडीत कपाळावर घाम यायचा. पण दवाखान्याचे नाव काढले की तिचे उत्तर ठरलेले होते. आताही तिने ते दिले. पायाशी येऊन बसलेल्या बिजली कुत्रीच्या मानेखाली हात घालून तिने गळ्यातला पट्टा वर केला.

"ह्यो बघ. हिरवा दिवा. बिजली बरी म्हंजी घर बरं. माझ्या भावाची मशीन हाय ती. दवाखान्यात जाऊन तिचा अपमान करू का?"

ती मशीन खरोखरच त्याची होती. निदान तिचा हिरवा दिवा तरी.

पट्ट्याच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक अशा चाळीस सुया होत्या. त्या रक्तापर्यंत पोचत नसत. कातडीखाली जो द्रव झिरपत असतो त्यात रक्ताची सावली पडलेली असते, ती त्या वाचत. शरीरात कुठेही दाह सुरू झाला, मग तो जखमेचा असो, जंतूंचा असो वा गोचीडतापाचा, की यकृत आपल्या कामांची यादी बदलते. एरवी ते जी विकरे, म्हणजे एन्झाइम, रक्तात सोडत असते त्यांतली काही बनवणे ते कमी करते आणि सारा जोर दाहाशी झुंजणाऱ्या प्रथिनांवर लावते. ब्युटिरिलकोलिनेस्टरेज अशा लांबलचक नावाचे एक विकर खाली उतरते. दाहाचे प्रथिन वर चढते. तराजूच्या पारड्यांसारखे, एक खाली, एक वर. कुत्र्यांमध्ये ही हालचाल ताप भरण्याच्या दोन दिवस आधी दिसू लागते. कुत्रे माणसाच्याच जमिनीवर लोळते, त्याच्याच हौदातले पाणी पिते, त्याच्याच दारात श्वास घेते. म्हणून पुण्याच्या संस्थेने गावोगावच्या कुत्र्यांच्या गळ्यात हे पट्टे बांधले आणि त्यांना पहारेकरी म्हटले. गावावर येणारा आजार आधी पहारेकऱ्याच्या रक्तात दिसावा, एवढीच अपेक्षा होती.

गेल्या हिवाळ्यात द्राक्षपट्ट्यातल्या चारशे कुत्र्यांना पट्टे बांधले, आणि आठवड्याभरात चारशेच्या चारशे दिवे लाल झाले. कुत्री मात्र भाकरी खात होती, एकमेकांच्या मागे धावत होती. लोक चिडले. कुणी पट्टा विहिरीत टाकला, कुणी म्हशीच्या शिंगाला बांधला. योजना गुंडाळायची वेळ आली, तेव्हा संस्थेच्या तळमजल्यावर एकटा बसणाऱ्या धैर्यशीलने एक दुरुस्ती सुचवली. या भागात गोचीडताप जुना आहे, त्याने लिहिले; कुत्र्यांच्या अंगात दाह मुरलेला आहे; तेव्हा उतरलेले विकर हीच इथली नेहमीची पातळी मानावी. त्याच्या या मांडणीत दोन अडचणी होत्या. दाहाचे प्रथिन एकाही कुत्र्यात वर गेलेले नव्हते. ते धुळीमुळे नीट मोजले जात नसावे, असे म्हणून त्याने तो रकाना वगळला. दुसरी अडचण लहान होती, जवळजवळ गोड म्हणावी अशी. दर महिन्याला एक दिवस सगळ्या कुत्र्यांचे विकर किंचित वर येई, आणि तो दिवस अमावस्येचा असे. धैर्यशील इथलाच असल्यामुळे त्याचे कारणही त्याला ताबडतोब सुचले. अमावस्येला हरणखोरीत कुणी शेतात जात नाही, औजाराला हात लावत नाही. लोक घरी असतात, मोकळे असतात, आणि राहिलेले काम म्हणून कुत्र्याचा पट्टा चार्ज करतात. ताज्या बॅटरीने आकडा फुगतो. त्याने तो फुगवटा सरासरीत मिसळून टाकला.

दिवे हिरवे झाले. संस्थेच्या प्रमुख, डॉक्टर वैजयंती खाडिलकर, यांनी भर सभेत त्याला उभे केले. "गावचा माणूस असल्याशिवाय हे सुचलं नसतं," त्या म्हणाल्या, आणि चाळीस माणसांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या त्याने मनात जपून ठेवल्या होत्या. आता येत्या बुधवारी सकाळी तीच दुरुस्ती अकरा तालुक्यांतल्या सगळ्या पट्ट्यांत बसवली जाणार होती. शेवटची पाहणी म्हणून त्याला महिनाभर गावी पाठवले होते.

सोमवारी दुपारी तो बिजलीला घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर मुजावर तीस वर्षे याच भागात होते. धैर्यशीलच्या पहिल्या शेळीचे बाळंतपण त्यांनीच केले होते.

"या शास्त्रज्ञ," ते म्हणाले. "पट्टा असताना कुत्रं माझ्याकडं कशाला? मी तर बेकार झालो म्हणतात."

"पाहणीसाठी हाताने रक्त काढून एक नोंद हवी."

मुजावरांनी बिजलीचे कान उलटले, बोटांच्या फटी पाहिल्या, हिरड्या दाबल्या. मग पुढच्या पायातून रक्त काढून दोन चाचण्या लावल्या. बिजली टेबलावरूनच त्यांचा कोपर चाटत होती.

"एक गोचीड दाखव हिच्या अंगावर, संध्याकाळी बिर्याणी माझ्याकडून," ते म्हणाले. "ताप नाही. दाहाची पट्टी कोरी. आणि विकर बघ, निम्म्यावर."

"जुना दाह असेल, डॉक्टर. आत दडलेला."

"दडून बसायला दाह काय देणेकरी आहे? अरे, दाह बोंबलतो. रक्तात डांगोरा पिटतो. हिच्या रक्तात शांतता आहे." त्यांनी हातमोजे काढले. "मला या विकराच्या उतरण्याची दोनच कारणं ठाऊक आहेत. एक तुझं लाडकं. दुसरं तू का म्हणत नाहीस?"

धैर्यशील पट्ट्याच्या बक्कलाशी चाळा करत राहिला.

"मग मी म्हणतो," मुजावर म्हणाले. "किडीला मारायच्या औषधांत एक जात अशी असते की ती अंगात गेली की या विकराला मिठी मारून बसते. नुसतं याला नाही, याच्या भावालाही. तो भाऊ नसांच्या टोकाला कामाला असतो. नसेनं दिलेला निरोप स्नायूनं ऐकला की तो पुसायचं काम त्याचं. तो अडकला की निरोप पुसला जात नाही. लाळ थांबत नाही, घाम थांबत नाही, डोळ्याची बाहुली मिटलेली ती मिटलेली."

"द्राक्ष संघाची ड्रोन रोज पहाटे फवारतात ते नवं औषध तसं नाही. दोन तासांत विरतं. संघाकडे प्रमाणपत्रं आहेत. द्राक्षावर शून्य सापडतं."

"द्राक्षावर शून्य. आणि नाकात?"

टेबलावरचे पत्र्याचे भांडे बिजलीच्या शेपटीने वाजत होते.

"उद्या अमावस्या," मुजावर म्हणाले. "संघाची ड्रोन उडणार नाहीत. तू एक कर. हिचा पट्टा चार्ज करू नकोस. आकडा वर आला नाही तर मी गप्प, आणि वर बिर्याणी. आला, तर मग विचार कर, बाळा. कुठल्याही तापाला अमावस्या कळत नाही." बिजलीला खाली उतरवता उतरवता त्यांनी विचारले, "अक्का कशी आहे?"

"बरी आहे."

"ही झोपते कुठं?"

"अक्काच्या पायाशी," धैर्यशील म्हणाला आणि निघाला.

अमावस्येच्या सकाळी तो नेहमीप्रमाणे पायरीवर बसला आणि त्याचा विरस झाला. उजेड आला होता, टाकीवरून, तारांवरून, कठड्यावरून. पण गोठ्यात त्याच्या काठ्या उभ्या राहिल्या नाहीत. पत्र्याच्या भोकांखाली जमिनीवर नुसती नाण्याएवढी पांढरी वर्तुळे पडली होती. मधली हवा रिकामी होती. ती इतकी स्वच्छ होती की त्याला तिची भीती वाटली.

दुपारी अक्का ओसरीत गोधडी शिवत बसली. तिने सुईत दोरा ओवला, पहिल्याच खेपेला.

"आज कसं लख्ख दिसतंय," ती म्हणाली. "अवसेला माणसाला वंगाळ दिसतं म्हणत्यात, माझं उलटंच. मागल्या अवसेलाबी असंच झालं बघ."

सूर्य पश्चिमेला कलला तेव्हा त्याने बिजलीला जवळ घेतले. पट्ट्याची बॅटरी दहा टक्क्यांवर आली होती. त्याने ती मुद्दाम तशीच ठेवली होती. त्याने आपलीच दुरुस्ती बाजूला सारून मूळ आकडा उघडला. विकर वर आले होते. मागच्या अमावस्येला आले होते तितकेच, त्याच चढाने. नवे औषध विकराला कायमचे बांधत नव्हते. एक दिवस सोडला की मिठी सैल होत होती.

वगळलेला रकानाही त्याने उघडला. दाहाच्या प्रथिनाची रेषा वर्षभर तळाशी सरळ गेली होती. मोजणी बिघडली की रेषा वेडीवाकडी होते. ही तर आखल्यासारखी होती. ते त्याने गेल्या हिवाळ्यातही पाहिले होते.

खाडिलकर मॅडमना लिहायला घेतलेला निरोप त्याने तीनदा पुसला. एक कुत्रे, एक अमावस्या. एवढ्यावर शास्त्रात काही सिद्ध होत नाही, असे त्याने स्वतःला समजावले. आणखी एक महिना पाहावे. मनात कुठेतरी त्या चाळीस माणसांचे हात टाळी वाजवायला उचललेले होते आणि तसेच थांबले होते.

पण अक्काला तो म्हणाला, "उद्या सकाळी मांडवात जाऊ नकोस. आठनंतर जा."

"का रं?"

याच क्षणी सांगता आले असते. वाक्य जुळवण्याचीही गरज नव्हती. अक्काच होती समोर.

"थंडी फार आहे," तो म्हणाला.

"थंडी काय मला नवी हाय?" ती हसली, आणि वाकून तिने बिजलीची मान थोपटली. "आन् ह्यो दिवा हिरवाच हाय की. तूच केल्याला. तूच असं भ्यायला लागलास तर लोकांनी काय करायचं?"

थंडीतल्या पहाटे जमीन निवलेली असते आणि तिच्यालगतची हवाही. वर मात्र थोडी ऊबदार हवा झाकणासारखी बसते. एरवी तापून वर जाणारी हवा त्या वेळी जात नाही. धूर, धुके, जे काही खाली असेल ते तिथेच, माणसाच्या छातीच्या उंचीवर, तरंगत राहते. ड्रोनच्या तोट्यांतून निघणारे थेंब इतके बारीक असत की त्यांना पडायला तास लागत. पानाच्या दोन्ही बाजू भिजाव्यात म्हणून ते तसे बनवले होते. आणि जिथे औषध पानावर बसले तिथे ते दोन तासांत विरत होते, हे प्रमाणपत्रात लिहिले होते ते खरेच होते. ते हवेत असताना कुणी मोजले नव्हते.

बुधवारी अमावस्येची राहिलेली फेरी धरून ड्रोनच्या दोन फेऱ्या झाल्या. सहाला एक, पावणेसातला दुसरी.

धैर्यशीलला जाग आली ती बिजलीच्या भुंकण्याने. तो अंगणात आला. उजेड इतका दाट, इतका सुंदर पूर्वी कधी उभा राहिला नव्हता. काठ्यांऐवजी भिंती झाल्या होत्या, सोन्याच्या, आणि त्या सावकाश खाली वाहत होत्या. त्यांच्या पलीकडे, मांडवाच्या तोंडाशी, अक्का गुडघ्यांवर बसली होती. तिच्या हातातली कात्री पडली होती. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, आणि दंडांचे स्नायू कातडीखाली किड्यांसारखे वळवळत होते.

"अक्का!"

तिने आवाजाच्या दिशेने मान वळवली. तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या.

"धैर्या," ती कष्टाने म्हणाली, "दिवा लाव."

तिच्याजवळ उभ्या असलेल्या बिजलीचे पाय थरथरत होते. तिच्या गळ्यातला दिवा हिरवा होता.

अक्काला उचलून त्याने घरात नेले, दारे लावली, अंगावर पाणी ओतून तिची साडी बदलली, आणि मुजावरांना फोन केला. ते दहा मिनिटांत आले. तिच्याकडे एक नजर टाकून त्यांनी पिशवी उघडली.

"ॲट्रोपिन आहे, या विषावरचा उतारा. जनावरांचं," ते म्हणाले. "पण औषध तेच असतं. रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागेल, तोवर ही थांबणार नाही. देऊ?"

"द्या."

सुई टोचता टोचता त्यांनी वर न बघता विचारले, "काल आकडा वर आला होता?"

"हो."

मुजावरांनी नुसता दंडावर बोळा दाबून धरला. शिवी दिली असती तर बरे झाले असते.

दहा वाजेपर्यंत ग्रामीण रुग्णालयात हरणखोरीतून आणखी चौघे आले. तरुण डॉक्टरीण धावत होती. प्रत्येकाच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहत होती. धैर्यशील अक्काच्या खाटेशी उभा होता. तिचा श्वास आता खरखरत नव्हता. खिडकीतून साधा, विरळ उजेड तिच्या तोंडावर पडला होता. तिने डोळे उघडले. ॲट्रोपिनने बाहुल्या पसरून काळ्याभोर, मोठ्या झाल्या होत्या, आणि तिने लगेच हात आडवा धरला.

"आगं आई गं," ती पुटपुटली. "केवढा उजेड हाय रं. एवढा असतोय व्हय रोज?"

त्याने खिडकीचा पडदा ओढला. मग बाहेरच्या व्हरांड्यात येऊन त्याने फोन लावला.

"धैर्यशील!" खाडिलकर मॅडमच्या आवाजात आनंद होता. "सहा वाजता बसवली तुझी दुरुस्ती. अकराही तालुके. एकूण एक दिवा हिरवा आहे, एक लाल नाही. तू असायला हवा होतास इथे."

"मॅडम, ती काढून टाका. आत्ता. आणि सगळीकडे कळवा, सकाळी आठपर्यंत कुणी मांडवात जायचं नाही."

"काढून? का, बॅटरीचं काही निघालं का?"

"नाही."

"मग मला वर काहीतरी लिहावं लागेल, धैर्यशील. कारण काय लिहू?"

व्हरांड्याच्या पायरीशी बिजली बसली होती. मुजावरांनी तिलाही ॲट्रोपिन टोचले होते, आणि रुग्णवाहिकेमागे ती चार मैल धावत आली होती. त्याने खाली वाकून तिच्या गळ्यातला पट्टा सोडला. तो हातात आल्यावरही दिवा काही क्षण हिरवाच राहिला. धैर्यशीलच्या आयुष्यात हे पहिलेच वाक्य असे होते जे मनात वर्षभर जुळून तयार होते.

"लिहा," तो म्हणाला, "कुत्री आजारी नव्हती."